उपदेश नको, सोबत हवी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण या जिल्ह्यातील माणूस मोठ्या अभिमानाने सांगतो. अवर्षण सोसून पुन्हा पेरणीला उभ्या राहणाऱ्या आणि तुटपुंज्या मिळकतीत मुलांची शिक्षणे पार पाडणाऱ्या माणसांना हा अभिमान शोभूनही दिसतो. तथापि या कणखरपणाची दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अंगात ताप असला तर येथील माणूस निःसंकोचपणे दवाखान्याची वाट धरतो; मन महिनोन्‌महिने खचलेले असले तर ते बोलून दाखवणे मात्र त्याला कमीपणाचे वाटते. कापसाचा भाव पडला, हे चारचौघांत सांगता येते. सकाळी अंथरुणातून उठण्याचीच इच्छा उरलेली नाही, हे सांगता येत नाही.

दुःख आणि नैराश्याचा आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुःखाला कारण असते आणि काळ त्याची धार हळूहळू बोथट करतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, आवडत्या गोष्टींतील गोडी जाणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा येणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली की तो आजार समजावा. तो नेहमीच रडत येतो असे नाही. कारकुनाच्या टेबलावर साचत जाणाऱ्या फायलींत, शिक्षकाच्या घरी न तपासता पडून राहिलेल्या उत्तरपत्रिकांत, जिंतूर वा पालमहून शहरात येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या चुकणाऱ्या खानावळीच्या वेळांत तो लपलेला असतो. पुष्कळदा तो डोकेदुखी आणि अंगदुखीचे रूप घेतो आणि रोगी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्याच घेत राहतो.

अशा माणसाला समाज काय देतो? 'मन घट्ट कर', 'तुला काय कमी आहे', 'आळस झटक' असा उपदेश. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाच्या दोषांच्या यादीत आणखी एकाची भर पडते आणि तो अधिकच अबोल होतो. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. डॉक्टरांची वाण हे याचे एक कारण आहे. पण लाजेपायी दाराबाहेर न पडणे हेही तितकेच मोठे कारण आहे.

मग उपाय कोणता? त्याचे एक उत्तर मराठी मुलखाच्या शेजारीच, गोव्यात सापडले आहे. 'संगथ' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. या रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांची सोबत मिळाली. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णाचे ऐकून घेतले आणि त्याच्या दिवसात लहान लहान कामे पुन्हा बसवली. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून सावरलेले आढळले. इतरांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते.

या पद्धतीमागील विचार प्रत्येक घराने समजून घेण्याजोगा आहे. मन लागले म्हणजे काम करू, असे आपण म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो. मन लागण्याची वाट पाहत माणूस घरात बसतो, बसल्याने आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि त्यामुळे मन अधिकच खचते. हे चक्र मोठ्या संकल्पाने तुटत नाही. ठरल्या वेळी उठणे, स्नान करणे, नाक्यापर्यंत चालून येणे, दहा उत्तरपत्रिकांऐवजी दोनच तपासणे, जुन्या मित्राला भेटणे अशा लहान पायऱ्यांनी ते सैल होते. मात्र ही पायरी 'चढ' म्हणून सांगायची नसते. सोबत चढायची असते. उपदेश आणि उपचार यांतील अंतर ते हेच.

ही गोष्ट या भूमीला अगदीच परकी नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. दळणकांडण करता करता मनीचे गुज बोलण्याची त्यांची रीत जात्यावरच्या ओव्यांतून स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. गिरणी आली, स्त्रियांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकणारी शेजारीणही दुरावली. तिची जागा अद्याप कोणी घेतलेली नाही.

अर्थात केवळ सोबतीने सर्व काही साधेल असे नव्हे. आजार तीव्र असेल तर औषधे लागतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे जातात आणि बरे वाटू लागताच ती मनाने बंद करणे घातक ठरते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता तत्काळ उपचारांपर्यंत न्यावे. २०२२ पासून 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

कर्ज आणि नापिकी यांवर समुपदेशन हा उतारा कसा, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. शेतमालाच्या भावाची जबाबदारी समुपदेशकावर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही. परंतु खचलेल्या माणसाला बँकेची पायरी चढण्याचे आणि हक्कासाठी भांडण्याचेही त्राण राहत नाही, हे विसरता कामा नये. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला आहे. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी २०१५ साली आखलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात परभणीचाही समावेश झाला आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी विचारपूस करावी, असे ठरले. परंतु विचारपुशीनंतर पुन्हा पुन्हा भेटीला येणारे माणूस हवे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक प्रशिक्षित समुपदेशक असणे ही काही अवास्तव मागणी नव्हे. गोव्याने ते शक्य असल्याचे दाखवले आहे.

शासन ते करील तेव्हा करील. शाळेतील सहकाऱ्याच्या बदललेल्या वागण्याकडे, कचेरीतील शेजारच्या टेबलावर वाढत चाललेल्या ढिगाकडे आणि वर्गातील मुक्या झालेल्या मुलाकडे पाहण्यास मात्र कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही. 'असे काय झाले तुला' या तिरकस सवालाऐवजी 'चल, जरा फिरून येऊ' एवढे शब्द पुरेत. परभणीच्या कणखरपणाला त्याने उणेपणा येणार नाही. उलट तो अधिक माणुसकीचा होईल.