गच्चीवरील बाग आणि श्रावकाची जयणा

वैशाखाचे ऊन तापू लागले की गच्चीवरील जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसू लागतात. तो पिठ्या ढेकूण. त्याच सुमारास गुलाबाची पाने निस्तेज होतात, त्यांवर बारीक पिवळे ठिपके उमटतात, पानांखाली तलम जाळे दिसते. ती लाल कोळ्याची खूण. खाली पांढरा कागद धरून फांदी हलकेच झटकावी. कागदावरील कण चालू लागले, तर शंका उरत नाही. (कागद नंतर त्याच पानाशी अलगद टेकवावा.)

अशा वेळी निंबोळी तेल, साबणाचे पाणी किंवा पिवळे चिकट सापळे सुचवले जातात. ते सेंद्रिय म्हणून श्रावकांच्या घरीही निःशंक मनाने वापरले जातात. येथे शब्दांची गल्लत होते. साबणाच्या पाण्याने किडीचे मेणचट आवरण जाते आणि ती सुकून मरते. निंबोळीमुळे तिचे खाणे सुटते, तिला कात टाकता येत नाही. सापळ्याला पांढरी माशी चिकटून तडफडते. मातीत विष मुरत नाही, हा लाभ खरा. पण सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. अणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, आणि उपजीविकेच्या शेतीला उद्योगी हिंसेचा जो आधार मिळतो, तो हौसेच्या बागेला मिळणे कठीण. ‘आम्ही नसताना काय ते करून टाक,’ असे माळ्याला सांगणे सोयीचे खरे. परंतु कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींची गणना होते.

उरते ती जीवोत्पत्तीपूर्वीची सावधगिरी, आणि ती अगदीच थोडी नाही. नव्या रोपाची पाने उलटून पाहावीत व ते पंधरा दिवस वेगळे ठेवावे. उन्हाळ्याच्या तोंडी नत्रयुक्त खत आवरते घ्यावे. कोवळी, रसाळ फूट हेच रसशोषक किडींचे आवडते खाद्य. कोळी कोरड्या, धुळकट पानांवर फोफावतो, म्हणून पाने स्वच्छ असतानाच गाळलेल्या पाण्याने पुसत राहावीत व दुपारी सावली करावी. मुंग्या गोड स्रावासाठी पिठ्या ढेकणाची राखण करतात. भिंतीला टेकलेली फांदी सोडवली की त्यांची एक वाट तरी तुटते.

कीड पडलीच, तर तेवढा शेंडा कापून दूर, सावलीतल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवावा. पिशवीत कोंडू नये, जाळू नये. यातही सारे जीव वाचत नाहीत आणि वनस्पतीलाही इजा होते. तो दोष मान्य करूनच कात्री हाती घ्यावी.

लिंबावरील अळीचे मात्र सोपे आहे. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी ही अळी कढीपत्त्यावरही वाढते. तिला पानासकट उचलून कढीपत्त्याच्या वेगळ्या कुंडीत ठेवावे. लिंबू वाचते आणि काही आठवड्यांत काळी-पिवळी फुलपाखरे गच्चीवर उडू लागतात. त्या कुंडीतील पाने फोडणीसाठी खुडू नयेत.