परक्या दारी न जाणारा पाहुणा

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. वैद्यांना ते पटो न पटो, म्हण करणाऱ्याला माणसाचा स्वभाव मात्र नेमका ठाऊक होता. आपल्या घरातल्या दुखण्याचे मूळ आपण नेहमी दुसऱ्याच्या दारात शोधतो. आमच्या औंढ्यात पावसाळ्यात दोघा-तिघांचे डोळे पिवळे झाले, की बोट वळते ते उकिरड्यावरच्या डुकरांकडे. परवा एका शेजाऱ्याने विचारलेच, "सर, ही डुकरं हाकलली तर कावीळ जाईल का हो?"

मी मराठीचा मास्तर. पण गंमत अशी, की हा प्रश्न अक्षरांपाशीच येऊन ठेपतो.

कावीळ हे एका रोगाचे नाव नव्हे. यकृत बिघडल्याची ती खूण. ते बिघडवणाऱ्या विषाणूंपैकी काही विलक्षण माणूसवेडे असतात. 'ब' काविळीचा विषाणू माणूस आणि चिंपांझीसारखे आपले भाऊबंद सोडले, तर सहसा कोणाच्या यकृतात रुजत नाही. यकृताच्या पेशीला पित्तक्षार आत घेण्याचे एक दार असते. हा विषाणू त्याच दाराने शिरतो, हे बीजिंगच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले. हे दार म्हणजे ३४९ दुव्यांची प्रथिनाची साखळी. मकाक जातीच्या माकडांतही ते असते. पण १५८ व्या जागी आपल्यात ग्लायसीन, तर त्यांच्यात आर्जिनीन. एवढ्यावर विषाणू दारातच अडतो! आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो. इथे मात्र एका अक्षराने जीव वाचतो.

उंदराची तऱ्हा आणखी निराळी. माणसाचे दार त्याच्या यकृतात बसवून दिले, तरी आत गेलेल्या विषाणूला तिथे बिऱ्हाड थाटता येत नाही. घरात शिरणे वेगळे आणि चूल पेटणे वेगळे.

आता डुकरांची बाजू ऐकू. दिल्लीत १९५५-५६ साली मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीची जपून ठेवलेली रक्तजले आणि पुण्याच्या १९७८-७९ च्या साथीतले नमुने तपासले, तेव्हा हा रोग 'अ'ही नव्हे आणि 'ब'ही नव्हे, असे १९८० साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा त्या कामात मोठा वाटा होता. त्या रोगाला पुढे 'ई' हे नाव मिळाले. याच संस्थेने नंतर डुकरेही तपासली. आपल्या माणसांत 'ई'चा पहिला प्रकार, तर डुकरांत चौथा! पहिला प्रकार परदेशी प्रयोगांत डुकरांना मुद्दाम टोचूनही लागला नाही. उलटी वाट अगदीच बंद नाही. कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून 'ई'चे दुसरे प्रकार माणसांत आल्याची उदाहरणे युरोपात आणि जपानात आहेत. पण आपल्याकडच्या पाण्याच्या साथींचा आरोपी तो नव्हे.

या माणूसवेडेपणाची किंमत आपण मोजली आहे. प्रयोगशाळेच्या उंदरांना रोग लागत नाही, म्हणून औषधांचे काम रेंगाळते. आणि 'ई' कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जडली, तर शंभरांतल्या वीस-पंचवीस बायकांपर्यंत ती जिवावर बेतते.

पण याच खोडीत आशाही आहे. देवीच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नव्हते. म्हणून माणसांना लस टोचून ती १९८० पर्यंत जगातून घालवता आली. आपल्या 'ई'लाही रानात वा गोठ्यात लपायला जागा दिसत नाही. तिचा रस्ता एकच : माणसाच्या मैल्यातून माणसाच्या घोटात.

तेव्हा शेजाऱ्याला मी सांगितले, डुकरांच्या मागे काठी घेऊन धावू नका. विहिरीच्या वरच्या अंगाला कोणाचा शोषखड्डा आहे, नळाची फुटकी वाहिनी गटारातून जाते का, तेवढे आधी पाहा. घरात गरोदर सून असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यायला द्या.