भाडोत्री मैत्रीतील भांडणे

वॉशिंग्टन आणि इस्लामाबाद यांच्यात जरा कोठे खटका उडाला की आपल्याकडे पेढे वाटण्याची घाई होते. आता अमेरिकेचे डोळे उघडले, आता पाकिस्तान एकटा पडणार, असे लेख धडाधड छापून येतात. २०११ हे अशा पेढ्यांचे वर्ष होते. जानेवारीत रेमंड डेव्हिस या सीआयएच्या कंत्राटी माणसाने लाहोरच्या भररस्त्यात दोघांना गोळ्या घातल्या. मे महिन्यात अमेरिकी कमांडोंनी पाकिस्तानला सुगावाही लागू न देता अबोटाबादेत लादेनला टिपले. तोही लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता! २६ नोव्हेंबरला सलाला चौकीवरील नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक ठार झाले. पाकिस्तानने नाटोचा रसदमार्ग तोडला, शम्सीचा हवाई तळ रिकामा करून घेतला. मैत्री संपली, असेच सर्वांना वाटले.

पुढे काय झाले? डेव्हिस मृतांच्या वारसांना रक्तधन मिळताच मार्चमध्येच सुटला होता. रसदमार्गाची घासाघीस सात महिने चालली. ती क्षमायाचनेच्या शब्दांवर आणि कंटेनरमागे किती डॉलर आकारायचे यावर. जुलै २०१२ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी दिलगिरी व्यक्त केली, मार्ग खुला झाला, अडकलेला निधीही मोकळा झाला. ज्या हक्कानी टोळीला अमेरिकेचे सेनाप्रमुख मायकेल मुलन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सिनेटच्या समितीपुढे आयएसआयचा हात म्हटले होते, ती होती तेथेच राहिली. लादेनला लपविल्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे ऐकिवात नाही. त्याचा माग काढण्यास साहाय्य करणारे डॉ. शकील आफ्रिदी मात्र तुरुंगात गेले.

हे भांडण दहशतवादाविषयी नव्हतेच. ते मोबदल्याचे होते. २००४ मध्ये पाकिस्तानला नाटोबाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा मिळाला, तो एवढे सगळे होऊनही काढून घेतला गेला नाही. २०१८ च्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी ३३ अब्ज डॉलर घेऊन पाकिस्तानने आपल्याला फसविले, असा जाहीर संताप व्यक्त केला. येथे पुन्हा पेढे. त्याच ट्रम्प यांनी जून २०२५ मध्ये असीम मुनीर यांना व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलाविले, तेव्हा पहलगामच्या २६ बळींना दोन महिनेही झाले नव्हते.

मुंबईकरांना तरी हा व्यवहार नव्याने सांगण्याची गरज नाही. २६/११ साठी ताज आणि छाबड हाउसची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा जुना खबऱ्या. २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि भारताच्या स्वाधीन न करण्याची हमी पदरात पाडून घेतली. १६६ माणसे ज्या शहरात मारली गेली, त्या शहरातील न्यायालयाला २०१६ मध्ये त्याची साक्ष ऐकावी लागली ती पडद्यावरून.