वीजसाठा हवा, विजेची साठेबाजी नको

सूर्य मावळतो त्याच सुमारास मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत दिवे लागतात, घरी परतणाऱ्या कामगारांनी लोकल गाड्या खच्चून भरतात. दुपारी मुबलक असलेली सौर वीज नेमकी त्याच वेळी संपलेली असते. वाढत्या शहरासाठी वीजसाठा ही चैन नव्हे, गरज आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई ठप्प झाली. शहराच्या पदरी पुरेसा राखीव साठा नसणे म्हणजे काय, हे त्या दिवशी लाखो कष्टकऱ्यांनी अनुभवले.

साठवणुकीचे तंत्र अवघड नाही. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढताच ते जनित्रांवर सोडायचे. चढवण्यास 100 युनिटे लागली, तर सुमारे 75 ते 80 परत मिळतात. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या राजवटीत पुरुलियाच्या अयोध्या डोंगरावर 900 मेगावॅटचा असा प्रकल्प उभा राहिला. सह्याद्रीत घाटघर येथे 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 साली सुरू झाला. दोन्ही सार्वजनिक क्षेत्रातले. हे काम भांडवलदारांवाचून होत नाही, या प्रचाराला एवढे उत्तर पुरेसे आहे.

प्रश्न तंत्राचा नसून मालकीचा आहे. दुपारी स्वस्तात घ्यायचे आणि रात्री चढ्या भावाने विकायचे, हा व्यवहार धान्याच्या व्यापाऱ्याने केला तर जनता त्याला साठेबाजी म्हणते. मार्च 2022 मध्ये वीजबाजारातील दर युनिटमागे 20 रुपयांवर पोचला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाला 12 रुपयांची मर्यादा घालणे भाग पडले. अशा बाजारात साठ्याच्या किल्ल्या खाजगी हाती गेल्या, तर टंचाई हेच नफ्याचे साधन ठरेल.

तरीही सरकारचा कल उलट दिशेला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बॅटरी प्रकल्पांच्या भांडवली खर्चापैकी 40 टक्क्यांपर्यंतचा भार सरकारी तिजोरीतून उचलण्याची योजना मंजूर केली. तिच्यासाठी 3760 कोटी रुपयांची तरतूद आहे. पैसा जनतेचा असेल, तर मालकीही जनतेचीच हवी. त्याआधीच्या महिन्यात महाराष्ट्र सरकारने शिरवटा व भिवपुरी येथील 2800 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवरशी करार केला.

याच मावळात 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तो गाजला. तरीही शेतकऱ्यांची भातखाचरे बुडालीच. शहराच्या दिव्यासाठी खेड्याने अंधार पत्करायचा, हा न्याय पुन्हा चालू देता कामा नये.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: वीजसाठ्याचे प्रकल्प सार्वजनिक मालकीचे असावेत, ग्रामसभेच्या संमतीवाचून जंगल-जमीन घेऊ नये, साठवलेल्या विजेचा दर खर्चावर ठरावा, टंचाईवर नव्हे. 4 जानेवारी 2023 रोजी महाराष्ट्राच्या वीज कर्मचाऱ्यांनी खाजगीकरणाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा सरकारला त्याच दिवशी वाटाघाटींना बसावे लागले. वीज कामगार, शहरातील ग्राहक आणि डोंगरातील शेतकरी व आदिवासी यांची एकजूट झाली, तर वीजसाठ्याच्या किल्ल्या जनतेच्याच हाती राहतील.