प्रायोजकाची कात्री आणि रूपकाचा आडोसा

साहित्याच्या वर्गात रूपकाची चर्चा निघाली की एक विधान हमखास ऐकू येते : दडपण वाढले की कला अधिक सूक्ष्म होते. रॉड सर्लिंगची 'द ट्वायलाइट झोन' (१९५९–६४) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका या विधानाचा उत्तम दाखला ठरावी. तरीही ते विधान आम्हांला अर्धवट वाटते.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने आरोपींना निर्दोष ठरवले. त्या अस्वस्थतेतून सर्लिंगने 'नून ऑन डूम्सडे' हे नाटक लिहिले. १९५६ मध्ये ते 'द युनायटेड स्टेट्स स्टील अवर'मधून घरोघरी पोहोचले खरे. पण कार्यक्रम एका पोलाद कंपनीच्या पैशावर चाले. दक्षिणेतील वर्णवर्चस्ववादी संघटनांनी बहिष्काराची धमकी देताच संहितेला कात्री लागली. गाव दक्षिणेतून न्यू इंग्लंडमध्ये गेले, मारला गेलेला माणूस कुठलासा 'परका' झाला. कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा दक्षिणेची आठवण देतात म्हणून काढल्या गेल्या. १९५८ च्या 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट'मध्ये तोच विषय १८७० च्या दशकात ढकलावा लागला आणि बळी मेक्सिकन ठरला.

यानंतर सर्लिंग अद्भुतकथेकडे वळला. १९६० मधील 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'मध्ये एका शांत वस्तीतली वीज जाते, शेजारी एकमेकांवर संशय घेऊ लागतात आणि त्या भीतीत एकाचा जीव जातो. जमावाच्या मानसिकतेचे इतके नेमके चित्रण गंभीर साहित्यातही विरळाच. लोकप्रिय मालिका म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्या अभ्यासकांशी आमचे म्हणूनच पटत नाही.

परंतु मेपल स्ट्रीट कुठेही असू शकते. मिसिसिपी एकाच ठिकाणी आहे. रूपक सर्वांना लागू पडते, म्हणून ते विशिष्ट कोणाकडे बोट दाखवीत नाही. सर्लिंगने आडोसा कौशल्याने वापरला, याचे श्रेय त्याचे. कात्रीला ते देता येणार नाही. तिच्यामुळे एका मुलाच्या मृत्यूची कथा त्याच्या देशातल्या दिवाणखान्यांत तिच्या खऱ्या ठिकाणासह आणि वर्णासह पोहोचू शकली नाही. ही मालिका वर्गात जरूर शिकवावी. मात्र रूपकाच्या सौंदर्याबरोबर, ते सौंदर्य घडताना काय पुसले गेले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.