जिनिव्हाचा न्याय आणि खामगावचा कापूस

इंग्रजांच्या राजवटीत 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला, तो वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. विलायतेतील गिरण्यांना कापूस हवा होता. आजही बुलढाणा जिल्ह्यातील कापूस उत्पादकाच्या पदरात काय पडणार, हे बऱ्याच अंशी सातासमुद्रापार ठरते. फरक एवढाच, की आता दाद मागण्यासाठी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेचे न्यायपीठ आहे. त्या न्यायाचे मोल काय?

अमेरिकेच्या अनुदानांमुळे कापसाचे भाव जगभर पडतात, अशी तक्रार ब्राझीलने 2002 मध्ये केली. 2005 मध्ये अपिलीय मंडळानेही अमेरिकेस दोषी ठरविले. ब्राझीलला प्रतिशुल्काची मुभा मिळाली, तेव्हा 2010 मध्ये अमेरिकेने त्यास वर्षाला 14.73 कोटी डॉलर देऊ केले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटविले. भारत या खटल्यात केवळ त्रयस्थ पक्ष होता. पडलेल्या भावाची झळ सोसणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हाती छदामही आला नाही!

डिसेंबर 2019 पासून तर अपिलीय मंडळच ठप्प आहे. नेमणुकांना सर्वसंमती लागते आणि अमेरिकेने ती रोखून धरली. आरोपीनेच न्यायाधीशाची खुर्ची काढून घ्यावी, असा हा प्रकार. साखरेच्या वादात विरुद्ध निर्णय आल्यावर भारतानेही 2021 मध्ये याच रिकाम्या पीठाकडे अपील केले. तेव्हा ही पोकळी सोयीचीच, असे कोणी म्हणेल. परंतु न्यायाची पोकळी अखेर बलवानालाच मानवते.

म्हणूनच भारताने सुधारणेचा आग्रह धरला पाहिजे. नेमणुका बहुमताने व्हाव्यात, निकालास कालमर्यादा असावी आणि भरपाई तक्रारीच्या दिवसापासून, झळ बसलेल्या प्रत्येक देशाला मिळावी.

तोवर आयातशुल्क हीच शेतकऱ्याची ढाल. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरील 11 टक्के शुल्क उठविले गेले व ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. नेमका वेचणीचा हंगाम! गिरण्यांची अडचण खरी असेल. पण तिचा भार शेतकऱ्याच्याच माथी का?

दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने 1991 मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तो हाच धोका ओळखून. जिनिव्हात न्याय मागायचा, तर आधी खामगावच्या बाजारात तो दिसला पाहिजे.