मालकाला भरपाई, गुलामाला उमेदवारी

मॉरिशसला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत निळा समुद्र आणि मागे ल मॉर्नचा डोंगर हमखास दिसतो. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम याच डोंगराच्या आसऱ्याला येत. पण जे पळाले नाहीत, त्यांचे सुटका झाल्यावर काय झाले?

ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधली गुलामी बंद केली. मोझांबिक-मादागास्करहून आणलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे, मिळून साठ हजारांवर लोक कागदोपत्री मोकळे झाले. भरपाईही मिळाली, पण मालकांना! सुमारे २१ लाख पौंड. राबणाऱ्यांच्या वाट्याला आली ‘उमेदवारी’. शब्द किती साळसूद. आपल्याकडे सुताराच्या हाताखाली काम शिकणारा पोरगा उमेदवार असतो; इथे जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाने त्याच मालकाकडे, आठवड्याला ४५ तास, बिनपगारी ऊस तोडायचा. बदल्यात खाणे, कपडा, निवारा. लवकर सुटायचे तर उरलेल्या मुदतीचे पैसे भरायचे. पै-पै साठवून कित्येकांनी ते भरलेही.

सहा वर्षांची ही मुदत १८३९ सालीच गुंडाळावी लागली, आणि बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मालकांनी त्यांना आळशी ठरवले. हे आळशी लोक जमिनीच्या तुकड्यावर भाजीपाला लावत होते, कोंबड्या-डुकरे पाळत होते, मासे धरत होते, सुतारकाम करत होते. त्यांना काम नको नव्हते, मुकादम नको होता.

मळ्यावर परतायचे तर चांगली मजुरी मागता आली असती. पण मालकांनी त्याआधीच स्वस्त माणसे शोधली होती, ती आपल्याकडे. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून जहाजे निघाली. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, एक खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची. राहायला अनेकदा गुलामांच्याच जुन्या झोपड्या. नव्यांची गरज वापरून जुन्यांची मागणी मोडायची, ही मालकांची युक्ती आजच्या ठेकेदारांनाही नवी वाटणार नाही.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला गुलामीच्या अंताची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला करारी मजुरांच्या आगमनाची. ते मजूर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आला, ल मॉर्न २००८ साली. सहल आखताना दोन्ही एका दिवसात बसतात.